गळती, निचरा आणि आवळणारा हात

पाणी ठिबकताना दिसले की माणसाचा हात आपोआप पान्याकडे जातो. का ठिबकते हे विचारण्याआधी तो आवळतो. ठिबकणे थांबले तर काम झाले असे मानतो. थांबले नाही तर आणखी आवळतो. या साध्या कृतीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. गळती थांबवणे आणि गळतीचे कारण दूर करणे ही दोन निराळी कर्मे आहेत. मग पहिले करून दुसरे केल्याचा निर्वाळा देणे कितपत योग्य? आणि तो निर्वाळा चुकीचा ठरला, तर त्याची झळ कोणाला लागते?

विचारासाठी मी मुद्दाम एक नवे, काहीसे चैनीचे यंत्र घेतो : घरगुती एस्प्रेसो कॉफीयंत्र. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी या पट्ट्यातील आपल्या जुन्या मराठी घरांत चहाचे आधण हीच सकाळची खूण. फिल्टर कॉफी आली ती कानडी शेजारामुळे. अलीकडे मात्र पुण्याला, हैदराबादेस, बंगळूरला किंवा परदेशी नोकरीस असलेली मुले सुट्टीत येताना हे यंत्र घेऊन येतात, ओट्यावर मांडतात, दोन दिवस सर्वांना तो कडू काढा पाजतात आणि परत जातात. यंत्र मागे राहते. दोन-तीन वर्षांनी त्याच्याखाली पाण्याचे थारोळे दिसू लागते. त्याचा जाणता कारागीर गावात नसतो, देणारा दूर असतो, आणि टाकून द्यावे तर देणाऱ्याचे मन मोडते. अशा वेळी ते उघडणारा माणूस बहुधा घरातलाच असतो. निवृत्त, चिकाटीचा, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेला. त्याला उद्देशून हे लिहीत आहे, पण केवळ त्याच्या कॉफीसाठी नव्हे.

या यंत्राचा इतिहास म्हणजे दाब वाढवत नेण्याचा इतिहास. तुरिन येथील आंजेलो मोरियोंदो याने १८८४ साली वाफेच्या बळावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा याने त्याला आजच्या रूपाच्या जवळ आणले. पण नुसत्या वाफेचा दाब तोकडा पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जिया याच्या तरफेच्या यंत्राने तो कित्येक पटींनी वाढवला, आणि १९६१ साली फाएमा कंपनीच्या यंत्रात तेच काम विजेच्या पंपाकडे आले. आज घरच्या यंत्रात एक लहानसा, घुमणारा पंप टाकीतले पाणी ओढतो, बॉयलरमध्ये ढकलतो, आणि तिथून ते सुमारे नव्वद ते शहाण्णव अंशांवर कॉफीच्या दाबून बसवलेल्या चुऱ्यातून बाहेर काढतो. त्या वेळी चुऱ्यावर सुमारे नऊ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट भार असतो. आपल्या कुकरात शिटी होताना बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारच दाब अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या ओट्यावरच्या डब्यात काय कोंडलेले आहे याची कल्पना येईल.

इतक्या दाबाला अडवून धरणारी वस्तू कोणती? रबराच्या चार-दोन कड्या. कॉफीचा चुरा भरायची दांडीची वाटी, जिला पोर्टाफिल्टर म्हणतात, ती ज्या तोंडात फिरवून बसवतात तिथे एक जाड गॅस्केट असते. बॉयलरच्या दोन भागांमध्ये एक, वाफेच्या नळीच्या गुंडीत एखादी बारीक ओ-रिंग, टाकीच्या बुडाशी असलेल्या व्हॉल्व्हला आणखी एक. रोजच्या उष्णतेने रबर टणक होते, त्याची लवचीकता जाते, आणि मग ते फटीशी जुळवून घेईनासे होते. पोर्टाफिल्टरची दांडी पूर्वी जिथे येऊन अडत असे त्यापेक्षा हळूहळू उजवीकडे सरकू लागली, तर गॅस्केट झिजल्याची ती खूण समजावी. इथपर्यंत सारे सरळ आहे. गुंता पुढे आहे, कारण पाणी जिथे दिसते तिथेच ते गळत असते असे नाही. बॉयलरजवळ निसटलेला थेंब तारेवरून, पत्र्याच्या कडेवरून ओघळत येतो आणि टाकीखाली प्रकट होतो. पाहणारा टाकीला दोष देतो.

या ठिकाणी आपल्या नैयायिकांची आठवण येणे अपरिहार्य आहे. नदी फुगलेली दिसली तर वर कुठेतरी पाऊस झाला असे आपण समजतो, हे अनुमानाचे जुने उदाहरण. कार्यावरून कारणाकडे जाणारे हे अनुमान. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात गौतमांनी त्यावर पूर्वपक्षाकडून मोठा मार्मिक आक्षेप उभा केला आहे. नदी फुगली ती खाली कोणी पाणी अडवले म्हणूनही असेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार म्हणावे, तर त्यांचे वारूळ कोणी विस्कटले म्हणूनही त्या निघाल्या असतील. मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणावे, तर कोणी माणूस मोराची नक्कल करीत असेल. अडवणूक, उपद्रव आणि साम्य, या तिन्ही कारणांनी अनुमान फसते. म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे, असे आक्षेपकाचे म्हणणे.

मांजरा नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला हा आक्षेप पुस्तकी वाटणार नाही. बीडच्या बालाघाटात उगवून लातूरमार्गे ती आपल्याकडे येते. बिदरच्या आभाळात ढगाचा ठिपका नसताना तिला पाणी येते. ते वरच्या पावसाचे, की धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचे, हे नुसत्या पाण्याच्या उंचीवरून सांगता येत नाही. काठावरची जाणती माणसे पाण्याचा रंग पाहतात, त्यावर काय वाहून येते ते पाहतात. वात्स्यायनांनी भाष्यात दिलेले उत्तर नेमके हेच आहे. नुसते वाढलेले पाणी पाहून शहाणा माणूस पावसाचे अनुमान करीत नाही. प्रवाहाचा वेग, फेस, वाहत आलेली फळे, पाने, लाकडे हे सारे पाहून करतो. जो एवढे पाहत नाही त्याचे अनुमान फसते. तो दोष अनुमानाचा नव्हे, अनुमान करणाऱ्याचा.

मला या चर्चेचे नवल वाटते ते असे की, कॉफीयंत्राच्या गळतीत हे तिन्ही आक्षेप जसेच्या तसे सापडतात. पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी फुटू लागले की गॅस्केट गेले असे सारे म्हणतात. पण चुरा फार बारीक दळलेला असेल, किंवा वाटीत ठासून भरलेला असेल, तर पाण्याला खाली वाटच मिळत नाही आणि ते कडेने वर फुटते. गॅस्केट धडधाकट असते. ही अडवणूक. अशा वेळी कोणी चतुर माणूस चुरा न घालता यंत्र चालवून पाहतो, गळत नाही म्हणून गॅस्केट चांगले ठरवतो, आणि तेही चुकते. कारण चुरा नसताना दाबच तयार होत नाही, मग झिजलेले गॅस्केटही शहाण्यासारखे वागते. खरी पारख निराळी. आधी गॅस्केटच्या कडेला चिकटलेला जुना चुरा ब्रशने काढावा, मग थोडा जाड दळलेला चुरा योग्य मापाने भरावा आणि कॉफी पंचवीस-तीस सेकंदांत बेताने उतरते की नाही ते पाहावे. ती नीट उतरत असताना कडेने पाणी येत असेल तरच गॅस्केटला बोल लावावा.

साम्याचे उदाहरण याहून गमतीचे आहे. अनेक यंत्रांत कॉफी उतरून पंप थांबला की एक सॉलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो आणि चुऱ्यावर उरलेला दाब व गढूळ पाणी एका नळीने खालच्या ताटलीत सोडून देतो. ताटली भरते. नवा मालक घाबरतो, यंत्र गळते म्हणतो. वाफेसाठी निराळा बॉयलर असलेल्या यंत्रांत तापताना एका लहान व्हॉल्व्हमधून हवा व थोडी वाफ फुसफुसत निघते आणि ठराविक दाब आला की तो आपोआप मिटतो. तोही दोष नव्हे. तो व्हॉल्व्ह कोणी बंद करून टाकला तर यंत्र निवताना आत पोकळी निर्माण होते, आणि वाफेच्या नळीचे तोंड दुधात असेल तर दूध बॉयलरमध्ये ओढले जाते. दाब मर्यादेबाहेर गेला तर जादा पाणी टाकीत परत सोडणारा आणखी एक व्हॉल्व्ह पंपाजवळ असतो. अशा वाटा गळतीसारख्या दिसतात, पण ती गळती नव्हे, तो निचरा आहे.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. छप्पर गळते, नळ ठिबकतो, भिंतीत पाणी झिरपते, धुतलेले भांडे निथळते आणि माठ पाझरतो. पाझरणाऱ्या माठाला कोणी फुटका म्हणत नाही. तो पाझरतो म्हणूनच आतले पाणी गार होते. न पाझरणारा माठ कुंभाराला परत करावा लागतो. बिदरजवळ नौबादला बहामनी काळातील जी भूमिगत जलवाहिनी आहे, जिला आपण करेज म्हणतो, तिच्यावर थोड्या-थोड्या अंतरावर विहिरीसारखी तोंडे आहेत. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, एवढ्या कष्टाने खडक कोरून नेलेले पाणी यांनी जागोजाग उघडे का टाकले? पण हवा आत जाण्याची, गाळ वर काढण्याची आणि आत उतरण्याची वाट तीच. मधल्या काळात त्यांतली काही तोंडे बुजली. अलीकडे ती मोकळी करण्याचे काम झाले तेव्हा कुठे खालचा मार्ग पुन्हा दिसू लागला.

उरला उपद्रव, वारूळ विस्कटल्याचा प्रकार. याविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण तो आपल्या मातीशी निगडित आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद, चित्तापूर, सेडम हा चुनखडीचा मुलूख. शहाबादी फरशी महाराष्ट्रात घराघरांत गेली, वाडीचे सिमेंट देशभर गेले, आणि तीच चुनखडी या भागातील विहिरी-बोअरच्या पाण्यातून आपल्या बंबांत, पातेल्यांत उतरली. पाणी तापले की त्यातला चुना खाली बसतो आणि क्षारांचा पांढरा थर धरतो. कॉफीयंत्राचा बॉयलर आणि त्याच्या नखाएवढ्या वाटा या थराने भरून येतात. म्हणून मधूनमधून सायट्रिक आम्लाचे, म्हणजे लिंबूसत्त्वाचे पाणी आत फिरवून तो विरघळवतात. (ते पाणी शहाबादी ओट्यावर सांडू देऊ नये. आम्लाला बॉयलरातला चुना आणि फरशीतला चुना यांत फरक कळत नाही.) आता होते असे की, थर विरघळून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी यंत्र गळू लागते. काल गळत नव्हते, आज गळते. मधे घडली ती एकच गोष्ट, सफाई. तेव्हा सफाईने बिघडले, असा निकाल लागतो.

वस्तुस्थिती बहुधा अशी असते की कडी केव्हाच टणक झालेली होती, एखाद्या सांध्याला बारीक भोक पडलेले होते, आणि क्षारांच्या थरानेच ते बुजवून ठेवलेले होते. रोगच रोगाचे झाकण झाला होता. सफाई करणाऱ्याने फक्त झाकण काढले. पण त्या घरात दोष त्याच्या माथी येतो. यंत्राच्या बाबतीत हे फार तर हास्यास्पद आहे. माणसांच्या बाबतीत नाही. एकत्र कुटुंबात वर्षानुवर्षे साचलेल्या गोष्टींवर असाच एक थर धरलेला असतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव राहिले, कोणत्या बहिणीला कशावर सही करायला लावली, हे कोणी विचारीत नाही तोवर घर घट्ट असते. मग एखादी सून किंवा परगावाहून आलेला नातू सहज विचारतो आणि घर गळू लागते. त्यानंतर कित्येक वर्षे सांगितले जाते की अमुक आला आणि घर फुटले.

मग गळती किती सोसावी? शून्य, असे उत्तर देण्याचा मोह होतो. त्या उत्तराविरुद्ध मी आपल्याच भूमीतील एक साक्ष काढतो. बसवकल्याण हे चालुक्यांचे कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत, अकराव्या शतकाच्या शेवटी व बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली ती इथे. वारसाहक्काच्या वादांमुळे मिताक्षरेचे नाव वकिलांच्या तोंडी राहिले. पण ज्या स्मृतीवर ती टीका आहे तिच्या व्यवहाराध्यायात कारागिरांविषयीही एक बारकाईचा हिशेब आहे. सोने अग्नीत घातले तरी घटत नाही. रुपे शंभर पलांमागे दोन पले घटते, तांबे पाच, कथील व शिसे आठ आणि लोखंड दहा. एवढी घट कारागिराला माफ. त्याहून अधिक आली तर त्याने जाब द्यायचा.

या हिशेबातील शहाणपण मला नेहमी थक्क करते. घट होणारच हे तो मान्य करतो, म्हणून प्रामाणिक सोनाराला आणि लोहाराला खोटे बोलण्याची गरज उरत नाही. पण घट होतेच असे म्हणून कोणाला सुटूही देत नाही. किती, ते सांगा, म्हणतो. आणि धातूगणिक माप निराळे ठेवतो. सोन्याचा नियम लोखंडाला लावणारा मालक अन्यायी, आणि लोखंडाची सूट सोन्यात मागणारा कारागीर चोर. आपल्या घरांत या दोन्ही वृत्ती नांदत असतात. थेंबही गळता कामा नये म्हणणारा गिऱ्हाईक कारागिराला नको तितके आवळायला लावतो. चालायचेच म्हणणारा कारागीर कडी न बदलताच यंत्र परत देतो. वाफेची नळी बंद केल्यावर दोन थेंब पडले तर ते नळीत उरलेल्या वाफेचे पाणी. ते मिनिटागणिक पडत राहिले तर आतली ओ-रिंग गेलेली. फरक मापाचा आहे, आणि माप घ्यायला घड्याळ व एक पेला पुरतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो : आवळले, थांबले, झाले. यात वाईट ते काय? पहिली बाब यंत्रशास्त्राची. टणक झालेली कडी अधिक आवळल्याने मऊ होत नाही. ती चिरते, किंवा पितळी सांध्याचे आटे उतरतात. दोन दिवसांची उसनवारी होते आणि व्याज धातूला भरावे लागते. टेफ्लॉनची टेप गुंडाळण्याचेही तसेच. जिथे आट्यांनी पाणी अडवायचे असते तिथे ती योग्य; जिथे कडीने अडवायचे असते तिथे तिचा उपयोग नाही. नळ-कारागिरांच्या हाताला टेपची सवय असते, म्हणून ती सर्वत्र गुंडाळली जाते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. आवळणारा आणि त्या यंत्रासमोर रोज उभे राहणारे माणूस बहुधा एक नसते. आपल्या घरांत तर क्वचितच. पुरुष रविवारी दुरुस्ती करतो, हात पुसतो आणि वर्तमानपत्र उघडतो. सोमवारी सकाळी त्या वाफेपुढे हात नेणारी बाई निराळी असते. निर्वाळा एकाचा आणि अंग दुसऱ्याचे. स्वतःच्या जिवावर धोका पत्करणाऱ्याला आपण धाडसी म्हणू, फार तर मूर्ख म्हणू. दुसऱ्याच्या जिवावर, त्याला न सांगता पत्करणाऱ्याला काय म्हणावे?

दाब कोंडणाऱ्या भांड्याला निचऱ्याची वाट हवी हे डेनिस पापिन याला कळले होते. १६७९ साली लंडनमध्ये त्याने हाडे शिजवण्याचे जे बंद भांडे दाखवले, त्याच्यासाठी त्याने वजन लावलेल्या तरफेचा सुरक्षा-व्हॉल्व्ह योजला. आपल्या कुकरची शिटी ही त्याचीच नात. शिटीची वाट डाळीच्या फेसाने बुजली तर झाकणातली दुसरी, वितळणारी गाठ मोकळी व्हावी अशी योजना असते. ती गाठ वितळून गेल्यावर तिच्या जागी कोणी साधा स्क्रू ठोकून दिला, तर कुकर पूर्वीपेक्षा घट्ट होईल, एक थेंबही गळणार नाही, आणि त्याच्यापुढे कोणीही उभे राहू नये अशी ती वस्तू होईल.

या संदर्भात एका जुन्या वस्तूचे नाव न घेता पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ती म्हणजे पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह. स्वीडनमध्ये १८९२ साली लिंडक्विस्टने काढलेला हा स्टोव्ह कित्येक वर्षे आपल्या स्वयंपाकघरांत होता. त्याचा चामड्याचा वॉशर, त्याची पिन, त्याच्या टाकीला लावलेले डाख हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. तो गळत असे आणि त्याचा भडकाही उडे. ते सारे भडके खोटे नव्हते. पण १९८०च्या आसपासची वर्तमानपत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना हेही आठवेल की स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू, ही बातमी किती नित्याची झाली होती, आणि भडका सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर सहसा उडत नसे. वॉशर बोलू शकत नाही. त्याला उलटतपासणी नसते. म्हणून मनुष्याने केलेले कृत्य त्याच्यावर ढकलणे सोपे गेले. मोराच्या आवाजाची नक्कल करणारा माणूस नैयायिकांनी सांगितला होता. हा त्याचा सर्वांत भीषण अवतार.

कायद्याला अखेर प्रश्नच बदलावा लागला. १९८३ साली विवाहितेच्या छळाविरुद्धचे कलम आले, १९८६ साली हुंडाबळीचे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा भाजून किंवा अनैसर्गिक रीतीने मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दिसले, तर जबाबदारी सासरच्यांवर गृहीत धरली जाते. २०२४ सालापासून भारतीय न्याय संहितेतही तीच तरतूद आहे. याचा अर्थ असा की स्टोव्ह का गळला एवढेच विचारून चालत नाही. त्या घरात आधी काय काय वाहत आले होते, ते पाहावे लागते. पाने, लाकडे, फेस.

इतक्या भयंकर गोष्टीनंतर कॉफीयंत्राच्या चाळीस-पन्नास रुपयांच्या कडीकडे परतणे विसंगत वाटेल. मला तसे वाटत नाही. हात तोच आहे. कारण न शोधता निकाल देण्याची, गप्प वस्तूवर दोष ठेवण्याची आणि धोका दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची सवय मोठ्या प्रसंगी अचानक उगवत नाही. ती रविवारच्या लहानसहान दुरुस्त्यांतच लागते.

येथे कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, नवे घ्यावे. हा आक्षेप हल्ली दुकानदारच करतो. कडी सुटी मिळत नाही, पूर्ण भाग घ्या. पूर्ण भागाची किंमत ऐकली की गिऱ्हाईक स्वतःच नव्या यंत्राकडे वळते. यात कारागिराचा दोष थोडा आणि वस्तू करणाऱ्याचा फार. दुरुस्तीचा हक्क हा शब्दप्रयोग आता सरकारी भाषेतही आला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या जुलैत त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक पोर्टलही सुरू केले. फ्रान्समध्ये २०२१ सालापासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापावे लागतात. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण हक्क मिळाला म्हणून पारख मिळत नाही. आणि कलबुर्गीच्या बाजारात मिक्सर, गिझर, कुकर यांची दुरुस्ती करीत बसलेल्या माणसाकडे ती पारख बहुधा कंपनीच्या शहरी केंद्रापेक्षा जास्त असते. त्याने एस्प्रेसो यंत्र पूर्वी पाहिले नसेल, पण रबर केव्हा मेले हे त्याच्या नखाला कळते.

तेव्हा ज्या निवृत्त गृहस्थासाठी हे लिहायला घेतले त्याच्या हाती काय येते? प्रथम वायर प्लगमधून काढावी, यंत्र पूर्ण निवू द्यावे, वाफेची गुंडी उघडून आतला दाब मोकळा करावा. पाणी आणि वीज एका डब्यात आहेत याचा विसर पडू नये. मग लगेच उघडू नये. कोरडे करून, खाली कोरा कागद पसरून, रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी कागद टाकीखाली ओला असेल, तर बंद यंत्र गळते आहे. टाकीच्या बुडाचा व्हॉल्व्ह आणि त्याची कडी पाहावी. कागद कोरडा असेल आणि पंप चालू असतानाच पाणी येत असेल, तर दाबाच्या वाटेवरचे सांधे. थंड आणि स्वच्छ पाणी बॉयलरच्या अलीकडचे, गरम पलीकडचे, तपकिरी असेल तर चुऱ्यातून आलेले. ताटलीतच साचत असेल आणि फक्त कॉफी उतरल्यानंतरच, तर बहुतेक वेळा काहीही करू नये, ताटली धुवावी. यांतले काही न पटले तर यंत्र बंद ठेवून जाणत्याची वाट पाहावी, आणि मुलाला फोन करून तसे सांगावे. कडी बदललीच, तर पहिल्या आठवड्यात कॉफी आपणच काढावी.

जुन्या सायकल-दुकानांत आणि घड्याळजींकडे एक रीत असे. आजही काही मेकॅनिक ती पाळतात. बदललेला भाग ते फेकत नाहीत, गिऱ्हाईकाच्या हातात देतात. कॉफीयंत्राचे जुने गॅस्केट असे बशीत काढून ठेवले, तर ज्यांना त्या वाफेपुढे उभे राहायचे आहे त्यांना ते पाहता येते. एका बाजूला पोर्टाफिल्टरच्या कडेने पाडलेली खोल वर्तुळाकार चर दिसते, दुसरी बाजू जळून काळी पडलेली. नखाने दाबून पाहावे. नवीन कडी दबते, ही दबत नाही.